दोन बोटं पाणी

छापायला जाण्याआधी पत्रकाचा कच्चा कागद मी एका मुलीला वाचायला दिला होता. यंदाच्या आमच्या मुलींच्या संघाची ती कप्तान. वेलांट्या-उकारांवर तिची नजर पक्की आहे म्हणून दिला, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पहिल्या पानाच्या मध्यावर ती थांबली. एका वाक्यावर बोट ठेवून तिनं ते पुन्हा वाचलं आणि मान वर न करताच विचारलं, "मॅडम, ह्यो नावाडी म्हंजी आमचा आजा का?"

वाक्य असं होतं : 'एका वर्षी नावाड्याच्या हलगर्जीपणामुळे शर्यतीच्या मध्यावर नावेत पाणी शिरले व त्यानंतर जुन्या लाकडी नावांचा वापर थांबविण्यात आला.' अकरा वर्षं मी या कॉलेजात क्रीडा विभाग सांभाळते, आणि अकरा वर्षं हे वाक्य मीच छापखान्यात पाठवते. साल बदलायचं, पाहुण्यांची नावं बदलायची, बाकी जसंच्या तसं. ही मुलगी त्या नावाड्याच्या लेकीची लेक, आडनाव वेगळं, त्यामुळं मला पत्ताच नव्हता.

जुनं आहे ते, बघते मी, असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली की आजा घरात या गोष्टीबद्दल फार बोलत नाही, एवढंच म्हणतो की त्यानं सांधा भरला होता. आवाज चढवला नाही पोरीनं. मग पेन हातात धरून तिनं विचारलं, "मंग हे बरोबर हाय म्हणून खूण करू का?"

मी तिच्या हातातून कागद काढून घेतला. छापखान्याला तो दुसऱ्या दिवशी हवा होता आणि शर्यत पाच दिवसांवर आली होती. त्या दुपारी माझा डबा तसाच घरी परत गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

त्या नावेत मी होते, आणि पाणी शिरलं ते माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकते. लपवालपवी पुष्कळ झाली.

आमच्या शर्यतीचा इतिहास पत्रकात 'तत्कालीन प्राचार्यांच्या दूरदृष्टीतून' असा सुरू होतो. दूरदृष्टी कसली, हुरड्याची पार्टी होती. जिंतूरकडच्या या धरणाच्या काठावर चार कॉलेजांचे प्राध्यापक हुरडा खायला जमले, आणि कुणाची पोरं दमदार यावरून त्यांच्यात जुंपली. समोर भोई वस्तीतल्या मासे धरायच्या नावा बांधलेल्या होत्या. त्याच मागून घेतल्या आणि पोरांना पंपघरापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत वल्हवायला लावलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी ढाल आणली. ढाल आली की नियम लागतात.

अडचण अशी होती की नावा चार, पण त्यातल्या तीनच धड. चौथी जुनी. तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारी कुणी घ्यायची यावरून दर वर्षी भांडणं. शेवटी ज्याच्या नावा होत्या त्या नावाड्यानंच तोडगा काढला : मागच्या साली जो जिंकला त्यानं यंदा म्हातारी घ्यायची. जिंकणाऱ्याच्या अंगात जास्त बळ असतं, त्याला थोडं पाणी वाहू द्या. हे सगळ्यांना पटलं. म्हातारीत वल्हवणारे चौघं आणि पाणी उपसायला पाचवा, हातात गोडेतेलाचा रिकामा डबा. मग एकाच नावेत पाच आणि बाकीच्यांत चार हे बरं दिसेना, म्हणून सगळ्याच नावांत पाचवा माणूस आला. आणि पाचव्यानं डबा डोक्यावर धरला की नाव धोक्यात आहे असं समजायचं, शर्यत तिथंच थांबवायची, ती नाव बाद. आज नावा फायबरच्या आहेत, त्यांत थेंब येत नाही, तरी प्रत्येकीत पाचवा माणूस डबा धरून बसतो. बाहेरून आलेले पाहुणे हसतात. का बसतो ते कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यानं हे सगळं बसवून दिलं त्याचं पत्रकात एकच नाव : हलगर्जी.

मी कॉलेजात आले तेव्हा मुलींची शर्यत सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अंगानं मी काटकुळी. वल्ह्याला नको, पण पाचवी म्हणून चालेल असं ठरलं. अर्जावर एक रकाना होता, 'पोहता येते : होय / नाही'. मी होय वर खूण केली.

ते अगदीच खोटं नव्हतं, आणि हीच तर गोम. मी वालूरची. आमच्याकडं बारवेत नाहीतर विहिरीत पोरं पोहायला शिकतात ती पाठीला तेलाचा रिकामा, तोंड झाळून बंद केलेला डबा बांधून. आधी डबा बांधून हातपाय मारायचे, मग एखाद्या दिवशी काठावरचा मोठा माणूस डबा सोडतो आणि ढकलून देतो. डबा सुटला की पोहता आलं. माझ्या वडिलांनी मुलगी असून मला बारवेत उतरवलं म्हणून गावात थोडी कुजबूजही झाली. महिनाभर मी डब्यासकट बारव पालथी घातली. पण त्या उन्हाळ्यात पाणी असं झपाट्यानं उतरलं की डबा सोडायच्या आधी बारवेत चिखल राहिला. पुढच्या वर्षी मी शहाणी झाले होते, म्हणजे वयात आले होते, आणि विषय बंद झाला. तेव्हा मला पोहता येत होतं, फक्त डबा सुटला नव्हता. अर्जावर त्याला रकाना नव्हता.

पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो. धड नाव होती, मी डबा मांडीवर ठेवून नुसती बसले आणि बक्षीस घेतलं. म्हणजे दुसऱ्या वर्षी म्हातारी आमच्या वाट्याला. आमची कप्तान माझ्याहून एका वर्षानं मोठी, तिचं ते शेवटचं वर्ष. म्हातारीत बसून जिंकलेला संघ तोवर एकही नव्हता, आणि तिला ते करून दाखवायचं होतं. पावसाळ्यापासून ती आम्हाला पहाटे पळवत होती. तळहातांवर घट्टे पडले होते तिच्या.

शर्यतीच्या दिवशी नावाड्यानं मला बाजूला घेतलं. तेव्हा तो पन्नाशीचा असेल. आदल्या दिवशीच त्यानं सांधे भरले होते. कापसाचा पिळा डांबरात बुडवून तो फळ्यांच्या फटीत बोथट छिन्नीनं ठोकायचा, अशी ती रीत. नावेच्या तळाशी त्यानं मुद्दाम थोडं पाणी ओतलं होतं. त्यात बोटं बुडवून मला दाखवली आणि म्हणाला, "दोन बोटं पाणी राहू दे. लाकूड वलं ऱ्हायलं की फुगतंय, सांधा आवळून ऱ्हातोय. वरचं तेवढं काढ. आन् डबा तळाला घासू नको."

मी मान डोलावली. कानावर पडलं सगळं, पण डोळे त्या दोन बोटं पाण्यावर. नावेच्या बाहेर पाणी असावं आणि आत नसावं एवढंच मला कळत होतं.

शिट्टी झाली. पाचवीची जागा नावेच्या पुढच्या टोकाला. वल्हवणाऱ्या चौघींच्या पाठी माझ्याकडं, त्यांना मी दिसत नव्हते. कप्तान मोजत होती, आणि तिच्या मोजण्याबरोबर म्हातारी अशी सुटली की काठावरचे लोक उभे राहिले. अर्ध्यात आलो तेव्हा आम्ही एका नावेच्या लांबीनं पुढं होतो. पाणी दोनाचं तीन बोटं झालं, चार झालं. हे व्हायचंच होतं, त्यासाठीच मी होते. मी उपसायला लागले. चाराचं तीन, तिनाचं दोन. तिथं थांबायचं होतं.

मी थांबले नाही. खाली किती खोल असेल हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग जाईना. या धरणाच्या पोटात जुनं गाव आहे, आपण त्याच्या घरांवरून चाललोय, असलं काहीबाही आठवायला लागलं. मला नाव कोरडी करायची होती, शेवटच्या थेंबापर्यंत. डबा तळाला घासून खर्र खर्र वाजत होता आणि त्या आवाजानं मला बरं वाटत होतं. कप्तान मान न वळवता ओरडली की हळू. मी ऐकलं नाही. मग एकदा डब्यात पाण्याबरोबर काळं, लांब, गांडुळासारखं काहीतरी आलं. मी ते हातात धरलं. डांबरात भिजलेला कापूस होता तो, हातभर लांब. डब्याची कड घासून घासून मीच तो सांध्यातून उकरून काढला होता.

आता पाणी झिरपत नव्हतं, रेघेनं येत होतं. मी जोरात उपसू लागले आणि तितकाच जोरात डबा त्याच फटीत घासू लागले. पिळा मी कडेनं पाण्यात टाकून दिला. पाणी घोट्यापर्यंत आलं, पायऱ्या समोर दिसत होत्या, पन्नास-साठ वल्ह्यांची बाब होती. कप्तान जीव तोडून मोजत होती. अजूनही आम्ही पुढं होतो. आणि मी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

चौघींना कळलंच नाही. काठावरून शिट्ट्या वाजायला लागल्या, भोयांच्या नावा आमच्याकडं सुटल्या, बाजूची नाव आम्हाला मागं टाकून गेली, तरी त्या वल्हवतच होत्या. मग कप्तान वळली आणि तिनं माझे वर गेलेले हात पाहिले. तिचं तोंड मला आजही दिसतं.

आम्हाला ओढून काठाला आणलं तेव्हा नावेत गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. तशीच रेटली असती तरी पोचली असती. आमचे सर धावत आले आणि काय झालं म्हणून त्यांनी मला विचारलं. घाबरले म्हणाले असते तर का घाबरलीस, पोहता येतं ना, हा पुढचा प्रश्न होता. मी म्हणाले, "सर, सांधा भरलाच नव्हता."

नाचता येईना अंगण वाकडं, हे लहानपणापासून ऐकलेलं. अंगणाला निदान तोंड नसतं. नावाडी तिथंच उभा होता. तो म्हणाला, "भरला व्हता मी." एकदाच म्हणाला. सरांनी खाली वाकून मोकळी फट पाहिली आणि पोरींचा जीव घेणार होतास का म्हणून त्याला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. एका प्राध्यापकानंही दुसरी शंका काढली नाही. शिकलेली मुलगी आणि अंगठा उठवणारा भोई, यात खरं कुणाचं हे विचारायला वेळ कशाला घालवायचा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कपडे पिळत बसले. पुढची दोन वर्षं शर्यत बंद राहिली, मग फायबरच्या नावा आल्या. माझ्या ड्रेसवर डांबराचा हात उमटला होता, आईनं रॉकेल लावून घासला तरी गेला नाही, शेवटी तिनं त्याचं पायपुसणं केलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. कागद पर्समध्ये घालून मी दुसऱ्या दिवशी सकाळी आधी प्राचार्यांकडं गेले. ते वाक्य चुकीचं आहे एवढंच सांगितलं. ते म्हणाले, मग काढून टाका, विषय संपला. किती सोपं होतं. मी पेन उघडलंसुद्धा. वाक्य गेलं असतं, पत्रक स्वच्छ झालं असतं, आणि भोई वस्तीत त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते तसंच राहिलं असतं. पेनाचं टोपण लावून मी स्कूटी काढली आणि धरणाचा रस्ता धरला.

तो घरासमोर जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता. पुरता म्हातारा झाला होता. म्हातारी नाव कुडाला टेकून पालथी पडली होती आणि तिच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. त्यानं मला ओळखलं नाही. कॉलेजातून आले म्हणाले, तर नातीच्या मॅडम आल्या म्हणून सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि काळजीनं विचारलं, पोरगी काही चुकली का. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

मी म्हणाले, "मामा, त्या साली म्हातारीत डबा घेऊन बसलेली मी होते. सांधा तुम्ही भरला होता. मी तळ घासला, कापूस माझ्या डब्यात आला. मी तो पाण्यात टाकला आणि खोटं बोलले."

त्याचे हात जाळ्यात थांबले. मग त्यानं विचारलं, "कोन्या अंगाचा निघाला?"

"डाव्या. पुढच्या टोकापासून हातभर."

तो उठला, नावेपाशी गेला आणि बोटानं ती जागा चाचपली. नंतर तीनदा उसवून भरला, असं तो सांगायला लागला, माझ्याकडं न बघता. दोर लावून ओढून पाहिलं, नाव पाण्यात रात्रंदिवस ठेवून पाहिलं. एकदाही निघाला नाही. मग त्याला वाटलं की त्या दिवशीच आपला हात चुकला असणार, नजर गेली असणार, आपल्याला कळलं नाही. धरणावरच्या सगळ्या नावांचे सांधे तोच भरायचा. लोकांनी बोलावणं कमी केलं ते केलंच, पण बोलावलं तरी तो जाईना. कुणाचं पोरगं बुडलं तर, म्हणून. बावीस वर्षं त्यानं छिन्नी हातात घेतली नव्हती.

मला वाटत होतं की मी त्याची अब्रू घालवली. त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा मी घालवला होता, हे मला तिथं कळलं. मी रडायला लागले. त्याला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

"घासलीस व्हय," तो म्हणाला. तोवर मॅडम आणि तुमी चाललं होतं, ते संपलं. "आन् मी कापूस बदलून बघायलो." मग खाली बसून त्यानं जाळं पुन्हा हातात घेतलं. मी पत्रकात खरं छापते म्हणाले, तर त्यानं मान हलवली. "छापून काय व्हतंय. इथं कोण वाचायलंय. ज्यांच्या म्होरं म्हनलीस, त्यांच्या म्होरं म्हन."

मी हो म्हणाले. चहा आला होता, तो त्यानं मला प्यायला लावला. निघताना त्यानं एकच विचारलं, "आता तरी पवायला येतं का?"

"नाही," मी म्हणाले. बावीस वर्षांत हे मी कुणाला पहिल्यांदा सांगत होते. दर वर्षी पोरींची पोहण्याची चाचणी मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहून घेते, साडीला पाणी लागू न देता.

प्राचार्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. पन्नास लोकांत कॉलेजचं हसं होईल, तुमच्या नोकरीचाही विचार करा, असं बरंच समजावलं. शेवटी पाहुण्यांचं स्वागत आणि शर्यतीची शिट्टी यांच्यामध्ये मला दोन मिनिटं मिळाली. ते वाक्य मी पत्रकातून काढलं आणि जागा कोरी सोडली.

शर्यतीच्या दिवशी घाट भरला होता. भोयांची माणसं नेहमीसारखी शेवटच्या पायऱ्यांवर, तो त्यांच्यात, टोपी गुडघ्यावर ठेवून. मंडपात पाहुण्यांच्या रांगेत आमची तेव्हाची कप्तान बसली होती, मीच तिला बोलावलं होतं, महिनाभर आधी, हे सगळं सुरू होण्यापूर्वी. माइक हातात आला तेव्हा मी अर्जावरच्या त्या रकान्यापासून सुरुवात केली. पोहता येत नाही म्हणाले तेव्हा मागची पोरं हसली. डब्यात कापूस आला इथवर पोचले तेव्हा हसणं थांबलं होतं. "सांधा भरलेला होता," मी म्हणाले, "तो मी उकरला, आणि याच पायरीवर उभी राहून यांचं नाव घेतलं." माइकमधून ते पंपघरापर्यंत ऐकू गेलं असेल.

टाळ्या वाजल्या नाहीत, बरं झालं. कप्तान पाण्याकडं बघत बसली होती. नंतर ती जेवायला थांबली नाही आणि तिचा फोन अजून आलेला नाही. पायऱ्यांवर त्याच्या शेजारच्या एका भोयानं न बोलता चंची त्याच्यापुढं केली. त्यानं चिमूटभर तंबाखू घेतली, मळली, तोंडात टाकली. मग तो उठला.

चार फायबरच्या नावा ओळीनं लागल्या होत्या, पोरी जाकिटं घालून बसल्या होत्या. तो नातीच्या नावेपाशी गेला. पाचवीच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी डबा कवटाळून बसली होती. त्यानं तिच्याकडून डबा मागून घेतला, धरणात बुडवला आणि त्या कोरड्याठाक नावेत पाणी ओतलं. बोटं बुडवून पाहिली. जरा जास्त झालं होतं, ते त्यानं तळाला न घासता वरच्यावर काढलं. पुन्हा बोटं बुडवून पाहिली. डबा त्या मुलीच्या हातात परत दिला आणि तिला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण ती मान डोलावत होती आणि तिची नजर त्या पाण्यावर होती.

शिट्टी माझ्या तोंडात होती. सगळे माझ्याकडं बघत होते. मला ती वाजवायला जरा वेळ लागला.